आई दमते कशाने?

हिवाळा लागला की आमच्या वस्तीतल्या विहाराच्या ओट्यावर दुपारी दोन ते चार चांगले ऊन असते. सकाळची धुणीभांडी आटोपून परतलेल्या बाया तिथे लोकर घेऊन बसतात. कुणाच्या हातात सुया, कुणाच्या हातात क्रोशा. ज्या घरी बाळंतपण जवळ आले असेल त्या घरासाठी टोपडे, मोजे, झबले विणून द्यायचे, ही आमची जुनी पद्धत आहे. नागपूरची थंडी तान्ह्या बाळाला सोसत नाही.

गेल्या हिवाळ्यात आमच्यातल्या एका ताईचे टाके सुटू लागले. वय अडतीस. एरवी ही ताई बोलता बोलता, सुयांकडे न बघता विणायची. आता दर दोन ओळींनी उसवायला लागायचे. "चाळिशी लागली, दुसरे काय," असे तीच म्हणाली. तपासणी शिबिरातून तिने चष्मा आणला. तरी टाके सुटतच राहिले. विहाराच्या दहा पायऱ्या चढताना ती मध्येच थांबू लागली. घरी तिचा मुलगा म्हणायचा, "आई आजकाल आळशी झाली, आठ वाजताच झोपते." मग एक दिवस लोकरीचा गुंडा काढताना तिच्या पिशवीतून पाटीवरच्या पेन्सिलींचे तुकडे खाली पडले. ताई ओशाळली. म्हणाली, "खावेसे वाटते. सोडवत नाही."

त्या दिवशी आम्ही तिला दवाखान्यात नेले. हिमोग्लोबिन निघाले ८.२.

आम्ही सगळ्या रोज तिच्या शेजारी बसत होतो. एकीच्याही लक्षात आले नाही, कारण दमलेली बाई आपल्याला नेहमीचीच वाटते. त्याच आठवड्यात आम्ही अकरा जणींनी रक्त तपासून घेतले. सात जणींचे बाराच्या खाली होते. म्हणून या महिन्याचा पाठ रक्तक्षयाचा. दमणे हा बाईचा स्वभाव नाही. दम लागत असेल तर आधी रक्त तपासायचे, हेच या पाठाचे सार आहे.

रक्तक्षय म्हणजे काय?

आपल्या रक्तात तांबड्या पेशी असतात. त्यांच्यात हिमोग्लोबिन नावाचा पदार्थ असतो. श्वासातून आलेला प्राणवायू तो उचलतो आणि मेंदूपासून पायाच्या बोटापर्यंत पोहोचवतो. हिमोग्लोबिन तयार व्हायला लोह लागते. लोह कमी पडले की हिमोग्लोबिन कमी होते, आणि शरीराच्या प्रत्येक भागाला प्राणवायू अपुरा मिळतो. मग हात थरथरतात, लक्ष लागत नाही, जिना चढवत नाही. यालाच रक्तक्षय किंवा अॅनिमिया म्हणतात. आपण बोलताना "रक्त कमी आहे" म्हणतो, पण रक्ताचे माप कमी नसते, रक्ताची ताकद कमी असते.

आकडे लक्षात ठेवा. बाईचे हिमोग्लोबिन १२ च्या खाली, गरोदर बाईचे ११ च्या खाली आणि पुरुषाचे १३ च्या खाली असेल तर रक्तक्षय आहे. बाईचे ८ च्या खाली किंवा गरोदर बाईचे ७ च्या खाली गेले तर तो तीव्र रक्तक्षय. तेव्हा घरी थांबायचे नाही, त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

हे फक्त आपल्या वस्तीचे नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या दर शंभर बायांपैकी ५४ जणींना रक्तक्षय आढळला. पाच वर्षांखालच्या मुलांमध्ये तर शंभरातल्या सुमारे ६९ मुलांना. पुरुषांमध्ये हे प्रमाण बायांच्या निम्म्याहूनही कमी आहे. एकाच चुलीवरचे अन्न खाणाऱ्या घरात हा फरक का पडतो, ते पुढे बघू.

घरी कसे ओळखावे?

पुढच्या खुणा बघा. यातल्या दोन-तीन असतील तर तपासणी करा.

खालची पापणी ओढून आतली बाजू बघा. ती लालसर हवी. फिकट, पांढुरकी असेल तर शंका घ्या. जीभ आणि तळहातही बघा. सावळ्या रंगामुळे चेहऱ्यावरून कळत नाही, पण पापणीच्या आतून कळते.

नखे चपटी होणे, मध्ये खळगा पडणे, लवकर तुटणे.

माती, खडू, पेन्सिल, कच्चे तांदूळ किंवा बर्फ खावासा वाटणे. याला वाईट सवय समजून पोरींना मारू नका. अंगात लोह कमी असल्याची ती खूण असू शकते.

थोड्या कामाने धाप लागणे, छातीत धडधडणे, डोके दुखणे, उठल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येणे.

नेहमीच्या हातकामात चुका होणे. सुईत दोरा ओवता न येणे, टाके मोजताना चुकणे, भाकर करपणे, हिशेब विसरणे. मुलांचे अभ्यासात लक्ष न लागणे हेही यातच येते.

बसल्या जागी धाप लागत असेल, पायांवर सूज असेल किंवा चक्कर येऊन पडणे झाले असेल, तर वाट बघू नका.

खुणांवरून शंका येते, खात्री तपासणीनेच होते. आरोग्य उपकेंद्रात, प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि शहरातल्या सरकारी दवाखान्यात हिमोग्लोबिन मोफत तपासतात. आशाताईला विचारा. आकडा फार कमी निघाला तर डॉक्टर सीबीसी नावाची रक्ततपासणी सांगतात. तिच्यातून कारण लोहाचे आहे, बी-१२ चे आहे की आणखी काही, याचा अंदाज येतो. रिपोर्ट टाकून देऊ नका. वह्या-पुस्तकांसारखी त्याचीही एक फाईल घरात ठेवा.

बायांचेच रक्त जास्त का कमी होते?

पहिले कारण पाळी. एक मिलिलिटर रक्तासोबत साधारण अर्धा मिलिग्रॅम लोह जाते. म्हणजे पाळीत चाळीस मिलिलिटर रक्त गेले तर सुमारे वीस मिलिग्रॅम लोह गेले. ते दर महिन्याला भरून काढावे लागते. म्हणूनच भारतीय आहाराच्या शिफारशीत पुरुषाला दिवसाला १९ मिलिग्रॅम लोह सांगितले आहे, तर बाईला २९. पाळी सात दिवसांहून जास्त चालत असेल, तासा-दोन तासांनी कपडा किंवा पॅड बदलावे लागत असेल, मोठ्या गाठी पडत असतील, तर नुसती गोळी पुरणार नाही. पाळीचाच इलाज करावा लागेल. "बाईच्या जातीला हे असतेच" असे म्हणून सोडू नका.

दुसरे कारण गरोदरपण आणि बाळंतपण. बाळ आपले लोह आईकडूनच घेते. दोन बाळंतपणांत अंतर नसेल तर आईची भर निघत नाही.

तिसरे कारण जंत. आकडेकृमी आतड्याला चिकटून रक्त पितात. उघड्यावरच्या घाणीतून, अनवाणी पायांतून ते शरीरात शिरतात. वस्तीत नाली तुंबते, नळाजवळ चिखल असतो, आणि तिथे पाणी भरायला बाईच जाते. म्हणून नळावर जातानाही चप्पल घाला. मुलांना वर्षातून दोनदा शाळेत आणि अंगणवाडीत जंताची गोळी मिळते, ती चुकवू नका. मोठ्यांनी ती डॉक्टरांना विचारून घ्यावी.

चौथे कारण आपल्या घरातले आहे. आपल्याकडे बाईने शेवटी जेवायचे. आधी मुले, मग कामावरून आलेला नवरा, मग म्हातारी माणसे. तिच्या वाट्याला भात आणि वरणाचे पाणी उरते. भाजी संपलेली असते. मटण किंवा मासोळी केली त्या दिवशी तिच्या ताटात रस्सा असतो, तुकडा नसतो. ती म्हणते, "मला नाही आवडत." आम्ही ताईला विचारले, तुला कलेजी आवडत नाही का? ती हसली. म्हणाली, "आवडते की नाही ते आठवतच नाही."

तुम्हीही आज आपल्या घरात विचारून बघा.

गोळीची भीती काढा

हिमोग्लोबिन एकदा खूप खाली गेले की नुसत्या खाण्याने ते वर येत नाही. गोळी लागतेच. खाणे-पिणे हे रक्त पुन्हा कमी होऊ नये म्हणून. हा फरक समजून घ्या, कारण "मी बीट खाते, गोळी कशाला?" असे म्हणत अनेक जणी महिने घालवतात.

सरकारी दवाखान्यात लोह आणि फॉलिक अॅसिडची गोळी मोफत मिळते. गरोदर बाईने दुसऱ्या तिमाहीपासून रोज एक, अशी १८० दिवस घ्यायची आणि बाळंतपणानंतरही १८० दिवस. शाळेतल्या किशोरवयीन मुलामुलींना आठवड्यातून एक निळी गोळी मिळते. ती वर्गात फेकून न देता गिळायची, हे मुलांना घरी समजावून सांगा. रक्तक्षय निघालेल्या बाईने किती गोळ्या, किती दिवस घ्यायच्या ते डॉक्टर ठरवतील.

गोळी घेताना या गोष्टी सांभाळा.

उपाशीपोटी मळमळत असेल तर रात्री जेवणानंतर तासाभराने घ्या. लिंबूपाण्यासोबत घेतली तर चांगले. चहा, कॉफी किंवा दुधासोबत कधीच घेऊ नका. कॅल्शियमची गोळी सुरू असेल तर ती वेगळ्या वेळी घ्या, एक सकाळी आणि दुसरी रात्री.

शौचाला काळे होते. घाबरू नका, ते लोहामुळे होते. शौचास घट्ट होत असेल तर पाणी आणि पालेभाजी वाढवा. पहिले आठ-दहा दिवस पोटात गडबड वाटते, मग शरीर सरावते. फारच त्रास झाला तर गोळी बंद न करता डॉक्टरांकडे जा. ते गोळी किंवा वेळ बदलून देतात.

दोन आठवड्यांत बरे वाटू लागते आणि बाया गोळी सोडतात. ही सर्वात मोठी चूक. हिमोग्लोबिन बारावर आल्यानंतरही साधारण तीन महिने गोळी चालू ठेवावी लागते, म्हणजे शरीरातला लोहाचा रिकामा साठा भरतो.

गोळ्या लहान मुलांच्या हाताला लागू देऊ नका. लाल रंग बघून मूल ती चॉकलेटसारखी खाते. चार-पाच गोळ्याही लहान मुलाच्या जिवावर बेतू शकतात. खाल्ल्याचे कळले तर ताबडतोब दवाखाना.

ताईने गोळी न विसरण्याची आपली एक युक्ती काढली. रोज रात्री गोळी घेतली की लाल लोकरीची एक ओळ विणायची. चुकली तर पांढऱ्या लोकरीची. तीन महिन्यांत नव्वद ओळींची पट्टी झाली. तिच्यात अकरा ओळी पांढऱ्या होत्या. बहुतेक सुरुवातीच्या मळमळीच्या दिवसांतल्या आणि काही नात्यातल्या लग्नाच्या आठवड्यातल्या. ती पट्टी बघून डॉक्टरीणबाईंना लगेच कळले की गोळी कुठे आणि का चुकली. ज्यांना विणता येत नाही त्यांनी कॅलेंडरवर खूण करावी. काम तेच होते.

चुलीजवळच्या सुधारणा

खर्च न वाढवता स्वयंपाकात काय बदलता येईल, ते आम्ही आमच्या घरात करून बघितले.

चहा लांबवा. जेवल्याबरोबर चहा घेतला की चहातला तुरट पदार्थ जेवणातले लोह अडवून धरतो. जेवणाच्या आधी तासभर आणि नंतर तासभर चहा नको. चहा सोडा असे आम्ही म्हणत नाही. कामावर जाणाऱ्या बाईला चार वाजताचा चहाच आधार असतो, तो घ्या. पण चहा-चपातीवर जेवण भागवू नका.

आंबट जोडा. पालेभाजी आणि डाळीतले लोह शरीर फार थोडे घेते, शंभरातले पाच-दहा भाग. सोबत क जीवनसत्त्व असले की ते जास्त घेतले जाते. वरणावर लिंबू पिळा. आवळ्याची चटणी करा. हिवाळ्यात जेवणानंतर पेरूची फोड किंवा संत्रे खा. पेरूत क जीवनसत्त्व संत्र्यापेक्षाही कितीतरी जास्त असते आणि तो स्वस्तही पडतो. लिंबू भाजी उतरवल्यावर पिळावे, कारण उकळल्याने क जीवनसत्त्व कमी होते.

भाकर परत आणा. शंभर ग्रॅम बाजरीत सहा-सात मिलिग्रॅम लोह असते, तांदळात एक मिलिग्रॅमही नसते. दोन्ही वेळा भात खाण्याऐवजी एका वेळी ज्वारीची किंवा बाजरीची भाकर करा. मूग, मटकी, बरबटी भिजवून मोड आणा. मोड आल्यावर लोह अडवणारा घटक कमी होतो.

लोखंडी कढई वापरा. जर्मनच्या भांड्यातून लोह मिळत नाही. लोखंडी कढईत शिजवले, त्यातही अंबाडी, चिंच किंवा टमाटर घातलेली भाजी शिजवली, तर कढईतले थोडे लोह भाजीत उतरते. भाजी शिजली की दुसऱ्या भांड्यात काढा, कढईत ठेवली तर काळी पडते. कढई धुऊन लगेच पुसा आणि तेलाचे बोट फिरवा.

मांसाहार करत असाल तर लाज बाळगू नका. कलेजी, वजडी, रक्ती, सुकट, बोंबील हे आपल्या आजीच्या चुलीवरचे पदार्थ. मांस आणि मासोळीतले लोह शरीर भाजीतल्या लोहापेक्षा कितीतरी सहज घेते. शिवाय त्यातून बी-१२ मिळते, तेही रक्तासाठी लागते. मूठभर सुकट चटणीत किंवा वांग्यात घातली तरी सगळ्या घराला उपयोग होतो. सुकटीत मीठ जास्त असते म्हणून ती आधी धुऊन घ्या. रक्ती पूर्ण शिजवूनच खा. गरोदर बाईने मात्र कलेजी वरचेवर खाऊ नये, तिच्यातले अ जीवनसत्त्व फार झाले तर बाळाला बाधू शकते. ज्या घरी मांसाहार नाही त्यांनी डाळ, मोड आलेले कडधान्य, तीळ, अळीव आणि पालेभाजी यांवर भर द्यावा आणि बी-१२ ची तपासणी डॉक्टरांना विचारावी.

लाल रंगाला भुलू नका. बीट आणि डाळिंब लाल असतात म्हणून रक्त वाढवतात, हा गैरसमज आहे. शंभर ग्रॅम बिटात लोह एक मिलिग्रॅमच्या आत असते. डाळिंबात त्याहूनही कमी. फळ म्हणून चांगले आहे, पण रक्तासाठी उधार-उसनवार करून डाळिंबे आणू नका. त्याच पैशात आठवडाभराची भाजी आणि लिंबे येतात. गूळ-शेंगदाणे चांगलेच, पण गुळावर विसंबून गोळी सोडू नका.

रेशनच्या तांदळातले वेगळे दाणे निवडून फेकू नका. तांदूळ धुताना काही दाणे वेगळे दिसतात, कधी पाण्यावर तरंगतात. "प्लास्टिकचा तांदूळ" म्हणून बाया ते काढून टाकतात. ते तांदळाच्या पिठातच लोह, फॉलिक अॅसिड आणि बी-१२ मिसळून बनवलेले दाणे असतात. शंभर दाण्यांत साधारण एक, अशा हिशेबाने ते मिसळतात.

डब्यातली बाग

जागा नाही, असे सगळेच म्हणतात. आमच्याही घरांना अंगण नाही. पण दारासमोरची दोन फूट जागा, पत्र्याचा कोपरा किंवा विहाराची भिंत असतेच.

तेलाचा रिकामा डबा किंवा फुटका टब घ्या. रंगाच्या किंवा औषधाच्या रिकाम्या बादल्या खाण्याच्या भाजीला वापरू नका. तळाला पाच-सहा भोके पाडा, वर खापराचे तुकडे टाका. अर्धी माती आणि अर्धे शेणखत किंवा कुजलेला पालापाचोळा भरा. मेथीला वीतभर खोल माती पुरते. मेथीदाणे रात्री भिजवून सकाळी पेरा, महिन्याभरात भाजी काढता येते. सांबाराचे धणे हलके रगडून दोन भाग करून पेरले की उगवण चांगली होते. पुदिन्याची काडी पाण्यात ठेवा, मुळे फुटली की लावा. चवळई एकदा पेरली की वरून खुडत राहता येते. घोळ तर काडी खोचली तरी लागते.

शेवगा डब्यात नको, जमिनीत लावा. पावसाळ्याच्या तोंडावर तीन-चार फुटांची जाडसर फांदी विहाराच्या किंवा समाजमंदिराच्या आवारात रोवली की पुढे वर्षानुवर्षे पाला मिळतो. शेंगा विकत घेऊन आपण पाला टाकून देतो, आणि पाल्यातच जास्त सत्त्व असते. डाळ घालून किंवा पिठात मळून तो मुलांच्याही पोटात जातो.

दोन गोष्टी सांभाळा. नालीचे पाणी पालेभाजीला घालू नका, त्यातून जंत होतात. तांदूळ-डाळ धुतलेले पाणी चालते. आणि डब्याखालच्या ताटलीत पाणी साचू देऊ नका. आठवड्यातून एकदा ती कोरडी करा, नाहीतर डेंग्यूचा डास तिथेच वाढतो. एका डब्यातून घराची गरज भागणार नाही हे आम्हालाही माहीत आहे. पण दारात हिरवे असले की ते ताटात येते. विकत आणायचे तर बाई चार वेळा विचार करते.

सिकलसेल विसरू नका

विदर्भातल्या आपल्या समाजात आणि आदिवासी समाजात सिकलसेलचे प्रमाण मोठे आहे. हाही रक्तक्षयच, पण तो लोहाच्या कमतरतेचा नसून जन्मजात असतो. तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, लवकर तुटतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. सांधे आणि हाडे असह्य दुखणे, डोळे पिवळे होणे, वारंवार ताप येणे, लहान बाळाचे हात-पाय सुजणे ही त्याची लक्षणे.

ज्याला आई आणि वडील दोघांकडून हा दोष मिळतो तो रुग्ण. एकाकडूनच मिळतो तो वाहक. वाहकाला सहसा काहीच त्रास नसतो, त्यामुळे त्याला माहीतही नसते. दोन वाहकांचे लग्न झाले तर प्रत्येक गरोदरपणात बाळ रुग्ण असण्याची शक्यता शंभरात पंचवीस असते.

म्हणून घरातल्या प्रत्येकाने आयुष्यात एकदा सिकलसेलची तपासणी करून घ्यावी. सरकारी दवाखान्यात ती मोफत होते. सिकलसेलच्या रुग्णाने डॉक्टरांना विचारल्याशिवाय लोहाची गोळी सुरू करू नये. ज्यांना वरचेवर रक्त चढवावे लागते त्यांच्या शरीरात लोह आधीच साठलेले असते. वाहकाला मात्र इतरांसारखाच लोहाचा रक्तक्षय होऊ शकतो, त्याने तपासून औषध घ्यावे.

आपण मुलामुलींची पत्रिका जुळवत नाही. लग्न ठरवण्याआधी दोघांचे सिकलसेलचे रिपोर्ट बघायला मात्र विसरू नये. रिपोर्ट मागणे म्हणजे कुणाचा अपमान नाही, आणि वाहक असणे हा दोषही नाही. लपवले तर त्याची किंमत बाळाला मोजावी लागते.

घरच्यांनी काय करायचे?

ताईच्या घरी आम्ही दोघी-तिघी जाऊन बसलो. नवरा, मुलगा, मुलगी आणि सासू, सगळ्यांसमोर रिपोर्ट वाचला. मुलाला ८.२ चा अर्थ सांगितला. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मी तिला आळशी म्हणायचो."

त्या घराने तीन गोष्टी ठरवल्या. रात्री सगळे एकदम बसतात. कुणाला उशीर होणार असेल तर त्याचे ताट काढून ठेवायचे, पण ताईचे ताट आधी वाढायचे. सासूबाई स्वतः भाजी वाढतात, त्यामुळे कुणी काही बोलत नाही. नळाचे पाणी मुलगा भरतो. आणि रात्री आठला मुलगी विचारते, "आई, गोळी?"

तीन महिन्यांनी ताईचे हिमोग्लोबिन ११.४ झाले. बाराला ती अजून पोहोचलेली नव्हती. डॉक्टरीणबाईंनी गोळ्या पुढे चालू ठेवल्या. पेन्सिल खाणे मात्र त्याच्या कितीतरी आधी, आपोआप सुटले होते. मुलीचेही रक्त तपासले. तिचे १०.६ निघाले. आईचे तपासले नसते तर मुलीचे कुणी तपासलेच नसते.

या महिन्याचा गृहपाठ

१. घरातल्या प्रत्येक बाईचे आणि मुलीचे हिमोग्लोबिन तपासा. आकडा आणि तारीख वहीत लिहा.

२. घरात कुणाचीच सिकलसेल तपासणी झाली नसेल तर त्याच दिवशी तीही करा.

३. जेवण आणि चहा यांच्यात तासाभराचे अंतर ठेवा. वरणावर लिंबू पिळा.

४. एका डब्यात मेथी पेरा.

५. आज रात्री आईचे ताट आधी वाढा.

विहाराच्या ओट्यावर या हिवाळ्यातही लोकर निघाली आहे. बसायला या. विणता येत नसेल तर शिकवू. येताना रिपोर्ट सोबत आणा. वाचता येत नसेल तर आम्ही वाचून सांगू.